खिडकीजवळची दहा मिनिटं

रामटेके मॅडम आजचा पेपर आज वाचत नसत. आजचा पेपर घडी होऊन पिशवीत जायचा आणि पिशवीतून कालचा बाहेर निघायचा. "आजचा कच्चा असते गा," त्या म्हणायच्या, "एक दिवस मुरू द्यावं लागते." निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी सगळं नागपूर टीव्हीला चिकटलेलं असताना आमच्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख आदल्या दिवशीचे अंदाज शांतपणे वाचत बसलेल्या असत. मला त्याची इतकी लाज वाटायची की बाहेरचं कोणी डोकावलं तर मी उठून दारात आडवा उभा राहायचो. पुढे कधीतरी माझ्या ध्यानात आलं की कालच्या पेपरातलं आज किती शिल्लक राहिलं ते त्या बघत असत. फारसं काही राहिलेलं नसायचं. मग पेपर बाजूला सारून त्या शेंगदाण्यांची पुडी सोडायच्या आणि चार दाणे माझ्यापुढे करायच्या.

मी त्या विभागात तासिका तत्त्वावर होतो, अजूनही आहे. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. जितके तास, तितकाच मास्तर. वर्ग भरला तर यंदा तुम्ही आहात, नाही भरला तर नाही. कळमेश्वरहून रोज बसनं यायचं, चार तास बोलायचं, बसनं परत जायचं, आणि जून आला की पुन्हा नव्या नवरीसारखं धाकधूक करत बसायचं. अशी नऊ वर्षं मी काढली, आणि ती सगळी मॅडमच्या सावलीत काढली. या थंडीत त्या गेल्या. सावनेरला बहिणीकडे, दुपारच्या झोपेत. ज्यांना त्या माहीत होत्या त्यांना हे ऐकून फारसं नवल वाटलं नाही. जाग्या असतानाही त्या अर्ध्या कुठेतरी गेलेल्याच असत.

वर्गातसुद्धा हीच तऱ्हा. शिकवता शिकवता वाक्याच्या मधोमध त्या थांबायच्या. "संसदेचं दुसरं सभागृह हे..." आणि गेल्या. खडू हवेत, नजर वरच्या झरोक्याकडे. अर्धं मिनिट जायचं, कधी पुरतं मिनिट. मग "...पहिल्याच्या घाईले आवर घालायसाठी असते," असं वाक्य नेमकं त्याच शब्दापासून पुढे सुरू. मधला एक शब्द सांडलेला नसायचा. नवी पोरं पहिला आठवडाभर हसायची. दुसऱ्या आठवड्यापासून ती त्या थांबण्याची वाट बघायची, कारण तेवढ्या वेळात ज्याला त्याला आपापल्या ठिकाणी जाऊन येता यायचं.

दिसायला म्हणाल तर ठेंगण्या, सावळ्या, सुती साडी, पायात पुरुषी वाटाव्यात अशा जाड चपला. वडील सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत होते. आजोबा छप्पन साली धम्मदीक्षेला पायी नागपूरला आले होते, आणि त्यामुळे "आमच्या घरचा राज्यशास्त्राचा पहिला तास पायीच झाला," असं त्या सांगत. लग्न केलं नाही. का केलं नाही असं एका प्राध्यापिकेनं विचारलं तेव्हा, "थांबली होती, मंग बस निघून गेली," एवढंच म्हणाल्या. विभागप्रमुखाच्या फिरत्या खुर्चीत त्या कधी बसल्या नाहीत. त्या खुर्चीवर जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असे आणि मॅडम शेजारच्या लाकडी स्टुलावर.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. मॅडम आठवल्या की मला आधी आठवते ती त्यांची प्रवेशाची पद्धत.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. तिला एकच खिडकी. खिडकीतून एका लॉजची मागची बाजू दिसे, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, एक कडुनिंब, पाण्याची टाकी आणि पार लांब मेट्रोचा उंच रूळ. बघण्यासारखं काही नाही, आणि मॅडमच्या मते हाच त्या खिडकीचा गुण. बारावी झालेलं पोरगं कोणता विषय घेऊ म्हणून विचारायला आलं की मॅडम त्याचे गुण बघत नसत. खिडकीजवळच्या खुर्चीत त्याला बसवायच्या, कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "दहा मिनिटं बाहेर पाह्य. काही विचार करू नको. मंग सांग मले, कुठं जाऊन आला."

पोरं बावचळायची. आई-बाप तर अधिकच. त्यांना वाटायचं, मॅडमच्या अंगात येतं की काय. पण दहा मिनिटं खोलीत फक्त कूलरचा घरघराट आणि ओल्या वाळ्याचा वास. चादरी हलायच्या. पोरांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सुटायचा, तोंडं थोडी उघडी पडायची आणि बघता बघता ती निघून जायची. मी टेबलामागून हे नऊ उन्हाळे पाहिलं आहे. माणूस समोर बसलेला असतो आणि नसतोही, ते बघताना आपल्यालाही एक गोड गुंगी चढते.

परत आल्यावर ती सांगायची. एक पोरगी म्हणाली, आमच्या मोहल्ल्यातल्या नळावर गेली होती, तिथं कोणाचा नंबर आधी लागतो आणि काहून लागतो ते पाहत होती. मॅडमनी तिथल्या तिथे तिचा राज्यशास्त्राचा फॉर्म भरला. एक धिप्पाड गडी दहाव्या मिनिटाला घोरत होता. जागा होऊन ओशाळला, "मॅडम, मले झोप लागली."

"सपन पडलं?"

"नाही जी."

"मंग घे राज्यशास्त्र. बाकीचे बोलत असताना इतकं शांत बसता येणं सोपं नाही."

तो आज त्याच्या गावचा उपसरपंच आहे आणि सभेत झोपत नाही असं ऐकतो.

मलाही मुलाखतीच्या दिवशी त्यांनी खिडकीशी बसवलं होतं. दहा मिनिटांनी मी म्हणालो, "संशोधनाच्या विषयावर विचार करत होतो, मॅडम." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "खोटं बोलला," त्या म्हणाल्या, "पण चहा घे." खरं सांगायचं तर मी पावणेसहाच्या कळमेश्वर बसचा विचार करत होतो, ती चुकली तर पुढची केव्हा. नोकरी लागल्यावर मी हे कबूल केलं. त्या एवढ्या हसल्या की शेंगदाण्याचा ठसका लागला. मग मी विचारलं, "आणि तुम्ही कुठे जाता?" त्यावर त्यांनी बोट वर केलं. "हे विद्यार्थ्याले विचारतात गा. प्राध्यापकाले नाही."

तीन वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या खोलीला काचेचं दार बसलं. आत एसी, भिंतभर जगाचा नकाशा, टेबलावर छोट्या छोट्या झेंड्यांची रांग. बाहेर पाटी: आंतरराष्ट्रीय संबंध. नव्या धोरणात पोरांना एक विषय मेजर म्हणून निवडायचा असतो, आणि आता राज्यशास्त्र घ्यावं की हे नवं घ्यावं असा पेच पोरांपुढे उभा राहिला. पेच कसला, पोरं झेंडे बघून तिकडेच वळायची. आमच्या खोलीत झेंडा सोडा, कॅलेंडरसुद्धा मागच्या वर्षीचं होतं.

आई-बाप येऊन विचारायचे, या दोहोंत फरक काय? मी घसा खाकरून सार्वभौमत्वापासून सुरुवात करायचो. मॅडम माझा हात दाबायच्या. "घरात भांडण झालं तर जेवणाच्या वेळी कोण कोणाच्या बाजूले बसते, ते राज्यशास्त्र. अन् ते भांडण ऐकून शेजारी दार लावते का उघडते, ते समोरच्या खोलीतलं." आणि मग पोराला खिडकीशी. मन गल्लीत हिंडत असलं तर इकडे, गल्लीच्या पार जात असलं तर तिकडे. कितीतरी पोरं त्यांनी स्वतःच्या हातानं समोरच्या खोलीत नेऊन सोडली. मी आत चरफडत बसायचो. दुकानदारानंच गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानाचा पत्ता सांगावा, असला हा प्रकार!

गेल्या वर्षी पाणी गळ्याशी आलं. कॉलेजनं ठरवलं की ज्या विषयाला पहिल्या वर्षी वीस पोरं मिळणार नाहीत त्याचं मेजर बंद. तो विषय नुसता जोडीला राहील. वीस भरली आणि यादी एकदा विद्यापीठात गेली, की मात्र ती तुकडी शेवटपर्यंत चालवावीच लागणार. मेजर बंद म्हणजे माझे तास बंद. त्यात तीस जूनला मॅडम निवृत्त झाल्या. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली, आणि एक जुलैला नेहमीच्या वेळी मॅडम नेहमीच्या स्टुलावर हजर. "प्रवेश संपेपर्यंत येते," म्हणाल्या. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं. विभाग म्हणजे आता मी.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे एकोणीस नावं होती. मी ती दिवसातून दहा वेळा मोजत होतो.

दुपारी तीनच्या सुमारास एक पोरगी दारात आली. उंच, वाळकी, खांद्याला कापडी पिशवी. नाव वैष्णवी. कळमेश्वरजवळच्या एका गावची, म्हणजे जवळजवळ माझीच गाववाली. चांगले गुण, दोन्ही फॉर्म हातात, आणि कोणता भरावा ते कळत नव्हतं. मला तर ती साक्षात लक्ष्मीच वाटली. मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि राज्यशास्त्राचे फायदे सांगायला लागलो ते स्पर्धा परीक्षेपासून नगरसेवकापर्यंत. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता तिले खिडकीपाशी बसू दे."

"मॅडम, आज राहू द्या ना," मी म्हणालो. अगदी काकुळतीला येऊन म्हणालो.

"बस वं पोरी," त्या तिला म्हणाल्या.

जुलैची चिकचिक होती, कूलरचा उपयोग नव्हता, तरी तो चालू होता. पोरगी बसली. मी घड्याळाकडे बघत होतो. पाचव्या मिनिटाला तिचे हात मांडीवर सैल पडले. आठव्याला तिच्या कपाळावर एक आठी उमटली आणि तशीच राहिली. दहा झाली, बारा झाली. मॅडमनी तिला हाक मारली नाही. शेवटी तीच वळली.

"कुठं जाऊन आली?"

"सांगू का, मॅडम? हसान तुम्ही."

"नाही हसत."

"माझे बाबा आमच्याकडं सूतगिरणीत होते. मागच्या वर्षी तिकडच्या कोणत्या तरी देशानं आमचं सूत घेणं बंद केलं. मंग बाबाची गिरणीतली पाळी बंद झाली, ते घरी आले. आता ते वावरात जातात, पण त्यायले ते जमत नाही." ती थांबली. "मी त्या माणसाच्या ऑफिसात गेली होती. ज्यानं तिकडं सही केली, त्याच्या. मी नेहमीच जात असते."

"काय हाय त्याच्या टेबलावर?" मॅडमनी अगदी सहज विचारलं, जणू शेजारच्या घराबद्दल विचारावं.

"चहाचा कप. अन् एक कागद. मी त्या कागदावर कळमेश्वर शोधलं. नाही दिसलं. नुसता एक आकडा हाय."

"मंग तू त्याले काय म्हणते?"

"काहीच नाही म्हणत. मले त्याची भाषा येत नाही ना, मॅडम."

कूलर घरघरत होता. मी घाईघाईनं म्हणालो, "अगं, हे सगळं राज्यशास्त्रातही येतं. तिसऱ्या सत्रात एक पेपर आहे."

"लांजेवार," मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो पेपर वरवरचा हाय. तुले माहीत हाय."

त्या उठल्या, पोरीच्या हातातला आमचा फॉर्म काढून घेतला, दुसरा तिच्या हातात ठेवला, तिच्या पाठीवर हात ठेवून तिला कॉरिडॉरच्या पलीकडे घेऊन गेल्या आणि काचेचं दार स्वतः ढकललं. मी जागचा हललो नाही. त्या परत येऊन स्टुलावर बसल्या तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते आजही मला झोपू देत नाही. मी म्हणालो, "तुमचं काय जातं, मॅडम? तुमची पेन्शन लागली. खिडकीत बसून दुसऱ्यांच्या पोरांना स्वप्नं वाटा. माझ्या घरीही दोन पोरं आहेत."

त्यांनी आजचा पेपर घडी करून पिशवीत ठेवला, कालचा काढलाच नाही, आणि निघून गेल्या. जिन्यावर त्यांच्या जाड चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी खोलीची आवराआवर सुरू केली. माझी पुस्तकं वेगळी केली. साधारण बाराला खाली प्रवेशाच्या काउंटरवर काहीतरी गलका ऐकू आला, म्हणून गेलो. पोरा-पोरींच्या रांगेत, एका जीन्सवाल्या पोरीच्या मागे आणि एका हेडफोनवाल्या पोराच्या पुढे, रामटेके मॅडम प्लास्टिकचं फोल्डर छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांचा नंबर आला.

"या या मॅडम, तुम्ही काहून रांगेत?" काउंटरवरचा बाबू उठून उभा राहिला. "कोणाचा फॉर्म हाय? भाचीचा?"

"माह्या."

"नाही, म्हणजे नाव कोणाचं टाकू?"

"वर लिहिलं हाय ना गा. वाच."

बाबूनं वाचलं. बी.ए. प्रथम वर्ष, मेजर राज्यशास्त्र. त्यानं मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मॅडमनी फोल्डरमधून शाळा सोडल्याचा दाखला काढला, पिवळी पडलेली बारावीची गुणपत्रिका काढली, दोन फोटो काढले. बाबू पुटपुटला, "मॅडम, तुम्ही तर पीएच.डी...."

"पात्रता बारावी मागितली हाय. बारावी लिही."

आता बाबू म्हणजे बाबूच. गांगरला तरी नियम विसरला नाही. इतकी वर्षं शिक्षणात खंड पडला म्हणून गॅप सर्टिफिकेट लागेल, म्हणाला. मॅडमनी तेही करून आणलं होतं, स्टॅम्प पेपरवर. खंड पडल्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं: शिकवत होते.

प्राचार्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं. तासभर चाळलं. वयाची अट कुठेच नव्हती, आणि निवृत्त माणसाला विद्यार्थी होता येत नाही असंही कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. कोणाच्या डोक्यातच आलं नसणार. संध्याकाळी पाचला यादी बंद झाली. वीस.

मी मॅडमना गाठलं. मला माफी मागायची होती. कसंबसं "मॅडम, काल मी..." एवढं म्हणालो. त्यांनी मला मधेच थांबवलं. "तास कधीपासून सुरू होते, सर?" त्या 'सर' शब्दानं मला जे वाटलं ते कोणी थोबाडीत मारली असती तरी वाटलं नसतं.

आणि त्या खरोखरच आल्या. पहिल्या दिवशी हजेरी घेताना एकोणीसपर्यंत माझा आवाज ठीक होता. मग मी "वीस" म्हणालो आणि शेवटच्या बाकावरून "हजर, सर" असं आलं. सगळा वर्ग वळून बघायला लागला. मला फळ्याकडे तोंड करून डस्टर शोधावं लागलं, जे माझ्या हातातच होतं.

विद्यार्थिनी म्हणून मॅडम अगदी सुमार. उशिरा येत. वर्गात दाणे खात. प्रकल्प दिला तर, "सर, लाइट नव्हती," असं बिनदिक्कत सांगत. बाकीची पोरं त्यांच्यावर जीव टाकायला लागली. पण मी बदललो. नऊ वर्षं मी नोट्स वाचून दाखवत होतो. त्या मागे बसलेल्या असताना ती हिंमत होईना. रात्री जेवण झालं की मी पुस्तक घेऊन बसायचो, बायको म्हणायची, परीक्षा तुमची आहे की पोरांची? एकदा शिकवताना मीच वाक्याच्या मधे थांबलो. शब्द विसरलो नव्हतो. काहीतरी दिसलं आणि मी त्यामागे गेलो. परत आलो तेव्हा वर्ग शांत होता आणि शेवटच्या बाकावर मॅडम खाली मान घालून हसत होत्या. मला शिकवता येतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

डब्याच्या सुट्टीत वैष्णवी काचेचं दार ढकलून आमच्या खोलीत यायची. तिनं एक परदेशी भाषा घेतली होती. ती मॅडमना त्यातले धडे म्हणून दाखवायची. मॅडमना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मधेच म्हणायच्या, "हे पुन्हा म्हण वं. हे चांगलं वाटते कानाले."

डिसेंबरात पहिल्या सत्राची परीक्षा झाली. शेवटचा पेपर माझाच. तो आटोपल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "चाल गा, सीताबर्डीले चहा पिऊ." वर्गाबाहेर मी पुन्हा 'गा' झालो होतो, याचं मला बरं वाटलं. वेरायटी चौकापाशी स्वेटरवाल्यांची गर्दी होती, हिवाळ्याचं पिवळं ऊन होतं. एका ठेल्याजवळ आम्ही ग्लास हातात घेऊन उभे राहिलो. माणसं वाहत होती आणि मॅडम त्यांच्याकडे बघता बघता नेहमीसारख्या निघून गेल्या. चहा गार व्हायला लागला.

मी म्हणालो, "मॅडम, आता तुम्ही माझ्या विद्यार्थिनी आहात. आता मला विचारायचा हक्क आहे. तुम्ही कुठे जाता?"

त्या परत आल्या. ग्लासात बघत राहिल्या.

"दिल्लीले," त्या म्हणाल्या. "मले दिल्लीले नंबर लागला होता गा. एम.ए.ले. हाच विषय, समोरच्या खोलीतला. तेव्हा तो मोठा भारी वाटे. बाबानं पेटी घेतली होती, निळ्या रंगाची. मंग आमचे सर घरी आले. देवमाणूस होता. बाबाले म्हणाले, पोरगी गेली तर इथला एम.ए.चा वर्ग बंद पडते, एक नाव कमी पडून राहिलं. बाबा खाणीतला माणूस. सर घरी आले, याच्यातच त्यायले भरून आलं. ते नाही म्हणू शकले नाहीत. मी बी नाही म्हटलं नाही."

"पस्तावा होतो?"

"नाही गा. सरांनी मले पोरीसारखं शिकवलं. पस्तावा नाही." त्यांनी गार चहा एका घोटात संपवला. "पण ती पोरगी त्या ऑफिसात जाऊन उभी राहिली न, तेव्हा मले वाटलं, हिले जर मी आज ठेवून घेतलं तर चाळीस वर्षं खिडकीत बसन ही."

 मी म्हणालो, "आणि मला वाचवायला पुन्हा तुम्हीच एक नाव झालात."

"मले सवय हाय त्याची," त्या म्हणाल्या, आणि अशा काही हसल्या की ठेलेवालाही हसला.

तेवढ्यात वैष्णवी आली. तिचाही पेपर झाला होता, आणि दोघींचं मेट्रोनं कुठेतरी जायचं ठरलेलं होतं. मी त्यांना जवळच्या स्टेशनापर्यंत सोडायला गेलो. मेट्रोच्या सरकत्या जिन्याची मॅडमना भीती वाटे, त्या पायरीपाशी थबकत. वैष्णवीनं त्यांचा हात घट्ट धरला, "चला मॅडम, एक, दोन..." म्हणत त्यांना उचलल्यासारखं वर घेतलं, आणि लगेच तिच्या त्या नव्या भाषेतलं काहीतरी सांगायला लागली. जिना वर सरकत होता. अर्ध्यावर गेल्यावर मॅडमना काहीतरी आठवलं. त्या पोरीचा हात न सोडता मागे वळल्या आणि सगळ्या गर्दीवरून मोठ्यानं ओरडल्या, "लांजेवार, पुढच्या सत्राचा माह्या फॉर्म भरून ठेव गा! मी सावनेरहून आली की सही करते!"

मी दुसऱ्याच दिवशी तो भरला. सहीची जागा तेवढी अजून कोरी आहे.